मुका खांब विणताना कडा आत का जाते? टाके कमी-जास्त होण्याची कारणं आणि उपाय

२० टाक्यांचा चौकोन विणायला घ्यावा, दहा-बारा ओळी व्हाव्यात, तुकडा सपाट पसरून बघावा, तर खाली रुंद आणि वर निमुळता असा काहीतरी आकार झालेला असतो. क्रोशे नव्याने शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त सतावणारी अडचण हीच. उसवून पुन्हा विणलं तरी तेच होतं. मग लोकर बदलून बघितली जाते, सुई बदलून बघितली जाते, आणि शेवटी "आपल्या हाताला हे वळणच नाही" म्हणून विणकाम बाजूला पडतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हाताचा काही दोषच नसतो. अशा तुकड्यात मधले सतरा-अठरा टाके अगदी नीट असतात. गडबड होते ती ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात, कारण हे दोन टाके नक्की कुठे आहेत ते अजून डोळ्यांना कळत नसतं. टाका ओळखता आला की कडा सरळ येते, आणि ते शिकायला एखादा सरावाचा तुकडा पुरतो.

इथे मी मुका खांब धरून लिहिते आहे, कारण बहुतेक जण साखळीनंतर तोच शिकतात. सुई टाक्यात घालायची, लोकर घेऊन फास बाहेर काढायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा लोकर घ्यायची आणि दोन्हीतून एकदम काढायची, झाला मुका खांब. अमेरिकन पॅटर्नमध्ये यालाच सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे. व्हिडिओ एका पद्धतीचा आणि लिहिलेला पॅटर्न दुसऱ्या पद्धतीचा असेल तर टाक्याची उंचीच बदलते, वळताना घ्यायच्या साखळ्याही बदलतात. सुरुवातीलाच हे तपासून घेतलेलं बरं.

आधी मोजा

कडा वाकडी दिसली की लगेच उसवायला घेऊ नका. तुकडा सपाट ठेवा आणि अगदी वरच्या ओळीतले टाके मोजा. वरून पाहिलं की प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन दोरे आडव्या व्हीसारखे दिसतात. एक व्ही म्हणजे एक टाका. सुईवर जो फास आहे तो मोजायचा नाही, कधीच नाही.

आता हा आकडा सुरुवातीच्या आकड्याशी ताडून बघा. टाके कमी झाले असतील तर कडेचा टाका सुटतो आहे. वाढले असतील तर टाका नसलेल्या ठिकाणी तुम्ही टाका घालताय. आणि आकडा बरोबर असूनही आकार बिघडला असेल तर बहुतेक वेळा प्रश्न कडेचा नसतो, तो लोकरीच्या ताणाचा असतो. त्याचे उपाय वेगळे आहेत, ते पुढे सांगते. या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसतो.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे उतार एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना. इथे बऱ्याच जणांची दिशाभूल होते. त्रिकोण दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होत असेल तर वाटतं की आपण दोन्ही टोकांना चुकतोय. तसं असेलच असं नाही. प्रत्येक ओळीनंतर आपण काम उलटं फिरवतो. त्यामुळे फक्त ओळीच्या शेवटी एक टाका सुटत असेल तर तो एकदा डावीकडे सुटतो, पुढच्या ओळीत उजवीकडे. दहा ओळींमध्ये दोन्ही बाजूंचे पाच-पाच टाके जातात आणि तुकडा छान समतोल त्रिकोण होतो, चूक मात्र एकच असते. याउलट एकच कड आत जात असेल आणि दुसरी सरळ असेल, तर तुमची चूक एकाआड एक ओळींत होते आहे. सुलट बाजूने शेवटचा टाका दिसतो आणि उलट बाजूने दिसत नाही, किंवा त्याच कडेला पुढच्या ओळीचा पहिला टाका सुटतो, असं काहीतरी.

पायाची साखळी आणि पहिली ओळ

कधीकधी टाका पहिल्या ओळीतच जातो आणि नंतरच्या ओळी बिचाऱ्या बरोबर असतात. २० मुके खांब हवे असतील तर २१ साखळ्या घालायच्या. सरगाठ, म्हणजे सुरुवातीला सुईवर घातलेली गाठ, मोजायची नाही, सुईवरचा फास मोजायचा नाही. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब. तिसरीत घातला तर तिथेच एक कमी.

दुसऱ्या टोकाला, सरगाठीला लागून असलेली साखळी घट्ट आणि बारीक असते. ती गाठीचाच भाग वाटते आणि सुटते. पहिली ओळ संपल्यावर मोजून २० आले नाहीत तर पुढे जाऊच नका. इथे उसवायला फक्त एक ओळ असते.

साखळी पिळली जाऊ देऊ नका. साखळीची समोरची बाजू सलग व्हींची माळ असते, मागच्या बाजूला बारीक उंचवटे असतात. व्ही आपल्याकडे तोंड करून राहिले की एकही साखळी हुकत नाही. साखळीच्या एकाच दोऱ्यात सुई घालायची की दोन दोऱ्यांत, यावर बरीच मतं आहेत. नव्याने शिकताना वरच्या एका दोऱ्यात घातली तरी चालते, फक्त सगळ्या ओळीभर तसंच करा.

वळल्यानंतरचा पहिला टाका

ओळ संपली, वर जाण्यासाठी एक साखळी घातली, काम फिरवलं. आता पुढचा मुका खांब कुठे? खरी मेख इथे आहे.

मुक्या खांबात वळतानाची ही एक साखळी साधारणपणे टाका म्हणून मोजत नाहीत. ती फक्त सुईला पुढच्या ओळीच्या उंचीवर नेते. म्हणून पहिला खांब अगदी पहिल्याच टाक्यात जातो, म्हणजे ज्याच्या डोक्यातून ती साखळी बाहेर पडली आहे त्याच टाक्यात. नवशिक्याला तो व्ही दिसत नाही, कारण साखळी त्याच्यावर झुकलेली असते आणि वळताना लोकर ओढली गेल्याने तो आवळलेला असतो. डोळ्यांना पहिला ठळक दिसतो तो दुसरा व्ही. सुई तिकडे जाते, आणि एक टाका गेला.

जवळून असं बघा. काम वळल्यावर सुई हलवू नका. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने कडेचा भाग सुईच्या खाली चिमटीत धरा आणि हलकेच खाली ओढा. साखळी थोडी वर उचलली जाते आणि तिच्या बुंध्याशी दोन दोऱ्यांचा एक आवळलेला व्ही उघडतो. त्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई घाला. आत जायला त्रास होत असेल तर सुईचा आकडा, म्हणजे टोकाचा वाकडा भाग, खालच्या दिशेला वळवून टोक आधी शिरू द्या, मग सुई सरळ करा. हा टाका पहिल्या काही ओळींत अडकतोच. त्याला घाई करू नका.

ओळीचा शेवटचा टाका झाल्यावर सुईवरचा फास आवळून घ्यायची बऱ्याच जणांना सवय असते, निसटू नये म्हणून. त्याने पुढच्या ओळीचा पहिला टाका आणखी बंद होतो. फास सुईच्या जाड भागावर सैलसर राहू द्या, तो निसटत नाही. आणि काम दर वेळी एकाच दिशेने वळवा. आधी साखळी मग वळणे, किंवा आधी वळणे मग साखळी, काहीही चालतं, पण एकदा ठरवलं की तेच ठेवा. दिशा बदलत राहिली की साखळी कधी पुढे झुकते कधी मागे, आणि कडेचं रूप दर ओळीला वेगळं दिसतं. रूप वेगळं दिसलं की डोळा पुन्हा फसतो.

ओळीचा शेवटचा टाका

माझ्या अनुभवात सर्वाधिक टाके इथेच हरवतात, म्हणून यावर थोडा वेळ घालवू.

ओळीच्या शेवटी दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. एक, खालच्या ओळीचा पहिला मुका खांब, जो आता तुमचा शेवटचा टाका आहे. दोन, त्याच्या पलीकडे खालच्या ओळीच्या सुरुवातीची ती एक साखळी. शेवटचा टाका कडेवरून बाहेर कललेला असतो, त्याचा व्ही वर तोंड करून बसत नाही. त्यामुळे १९ टाके झाले की ओळ संपल्यासारखीच वाटते. पुढे राहिलेला तो कललेला व्ही म्हणजे कडेची गाठ असेल असं समजून लोक वळतात. हा झाला टाका कमी होण्याचा प्रकार.

उलट प्रकारही होतो. कोणीतरी सांगितलेलं असतं की शेवटचा टाका विसरू नकोस, मग आपण तो घालतो आणि पलीकडच्या साखळीतही एक घालतो. तिथेही दोन दोरे दिसतात, सुई सहज शिरते, त्यामुळे शंका येत नाही. अशाने दर ओळीला एक टाका वाढतो आणि तुकडा वरच्या बाजूला पसरत जातो. काही ओळींत टाका सुटला आणि काहींत साखळीत जास्तीचा गेला, तर एकूण आकडा अधूनमधून बरोबरही येतो, पण कड नागमोडी होते.

टाका आणि साखळी यांतला फरक ओळखायची माझी खात्रीची रीत आहे. व्ही दिसला की त्याच्या खाली बघायचं. खरा टाका असेल तर व्हीच्या खाली त्याचा दांडा असतो, खालच्या ओळीत रोवलेला, शेजारच्या टाक्यांच्या दांड्याइतकाच उंच. साखळीला दांडा नसतो. ती कडेला चिकटलेली एक बारीक गाठ असते, बोटाने दाबली की बाजूला सरकते. हे दोन-तीन वेळा बोटांनी चाचपून बघितलं की मग बघावंही लागत नाही.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. व्ही आपल्या दांड्याच्या बरोबर मध्यावर बसत नाही, किंचित एका बाजूला सरकलेला असतो. कडेला त्यामुळे शेवटचा दांडा दिसतो पण त्याचा व्ही कुठला ते कळत नाही. म्हणून मोजताना सगळी ओळ व्हींनीच मोजा किंवा सगळी दांड्यांनीच मोजा. अर्धी अशी आणि अर्धी तशी मोजली की एकाचा घोळ ठरलेला.

खुणा लावा, संकोच न करता

डोळा बसेपर्यंत खूण हा एकच पक्का आधार आहे. स्टिच मार्कर असतील तर उत्तम, नसतील तर वेगळ्या रंगाच्या लोकरीचे बोटभर तुकडे किंवा साध्या सेफ्टी पिना. दोन पुरतात.

ओळीचा पहिला मुका खांब विणून झाला की लगेच त्याच्या व्हीमध्ये खूण अडकवा, दोन्ही दोऱ्यांखालून. ओळ पूर्ण करा. शेवटचा मुका खांब झाला की त्याच्या व्हीमध्ये दुसरी खूण. मग एक साखळी, वळा. आता समोर जी खूण आहे तो तुमचा पहिला टाका, आणि पलीकडच्या टोकाला जी खूण आहे तो शेवटचा. खूण असलेल्या टाक्यात विणलं की खूण काढून नव्या टाक्यात लावायची. दोन्ही खुणांच्या टाक्यांत खांब गेला आणि मधला एकही टाका हुकला नाही, तर आकडा बदलूच शकत नाही.

खूण लावताना एक चूक वारंवार होते. सुईवरच्या फासात खूण अडकवली जाते, कारण तो अगदी समोर असतो. तो फास म्हणजे टाका नव्हे. नुकत्याच झालेल्या खांबाचा व्ही सुईवरच्या फासाच्या लगेच खाली असतो, तिथे खूण हवी.

काही जण खुणा लावायला कमीपणा मानतात, शिकाऊ दिसतं म्हणून. असं अजिबात नाही. दीडशे टाक्यांचं पांघरूण विणणारे मुरलेले हातही दर वीस टाक्यांवर खूण ठेवतात, म्हणजे चूक झालीच तर वीस टाक्यांतच शोधावी लागते.

सुई नेमकी कुठे शिरते आहे

खुणा लावूनही दर ओळीला बरोबर एक टाका कमी होत असेल तर सुई व्हीखालून न जाता दोन दांड्यांमधल्या फटीतून जात आहे का ते बघा. फट मोठी दिसते, सुई आरामात जाते, म्हणून हा मोह होतो. हिशेब सोपा आहे: २० दांड्यांमध्ये फटी १९ च असतात. फटीत विणलं की टाका कमी होणारच. शिवाय कापड जाळीदार आणि ढिलं होतं. तुमच्या तुकड्यात न मागितलेली भोकं दिसत असतील तर बहुधा हेच चाललं आहे.

व्हीच्या दोनपैकी एकाच दोऱ्याखालून सुई गेली तर टाके कमी होत नाहीत, पण राहिलेला दोरा कापडावर आडवी रेघ बनून दिसतो. सगळ्या ओळीभर असेल तर ती एक वेगळी वीण ठरते, मधेच एक-दोन टाक्यांत असेल तर ठिगळासारखी दिसते.

आणि लोकर फाटणं. म्हणजे सुई व्हीखालून जाण्याऐवजी दोऱ्याच्या पेडांमधून आरपार जाते. नुकसान मोठं नाही, पण पुढच्या ओळीत त्या जागी एका व्हीऐवजी तीन-चार दोरे दिसतात आणि मोजणी चुकते. ढिल्या पिळाची लोकर आणि खूप टोकदार सुई एकत्र आली की हे जास्त होतं. शिकताना गुळगुळीत, घट्ट पिळाची, फिकट रंगाची लोकर घ्या. मध्यम जाडीची, वेष्टनावर ४ आकडा असलेली घेतली तर ५.५ मिमीची सुई बरोबर बसते. काळी किंवा गडद निळी लोकर आणि केसाळ लोकर शिकताना नकोच. त्यांत मुरलेल्या माणसालाही व्ही दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. सुंदर दिसते म्हणून पहिलीच लोकर तशी घेतली जाते आणि मग सगळा दोष स्वतःकडे घेतला जातो.

आकडा बरोबर, तरी आकार वाकडा

मोजले, २० च्या २० आहेत, तरी तळाची बाजू आवळलेली आणि वरची पसरलेली. पायाची साखळी घट्ट झाली आहे. साखळी मुक्या खांबापेक्षा नेहमीच कमी ताणते, त्यामुळे ती जराशी घट्ट झाली तरी तळ गोळा होतो. फक्त साखळीसाठी अर्धा ते एक मिलिमीटर मोठी सुई वापरा आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. याने भागलं नाही तर तुम्ही फास सुईच्या आकड्याजवळच्या निमुळत्या भागावर बनवत आहात. सुईचं माप ठरतं ते तिच्या सरळ, जाड दांड्यावरून. फास त्या दांड्यावर येईपर्यंत सुई पुढे ढकला, मगच पुढचा टाका ओढा. ५.५ मिमीची सुई घेऊन फास निमुळत्या भागावर घेतले तर टाके ४ मिमीच्या सुईसारखे आवळले जातात. सुई टाक्यात शिरतच नाही ही तक्रारही बहुतेक याच कारणाने असते.

आकडा बरोबर आणि तुकडा वर जाता जाता हळूहळू अरुंद, म्हणजे हात आवळत चालला आहे. बोटं दमली, लक्ष ताणलं गेलं, किंवा गुंड्यातून लोकर अडकत येते आहे. दोन-तीन हात लोकर आधीच गुंड्यातून सोडवून ठेवा. अंगठा दुखायला लागला तर थांबा. दुखऱ्या हाताने विणलेल्या ओळी घट्टच येतात. सुई पेनासारखी धरायची की सुरीसारखी, याला नियम नाही. ज्यात मनगट सैल राहतं ती पकड तुमची.

मधलीच एखादी ओळ बुटकी आणि कडक आली असेल तर तिथे खांबातला दुसरा टप्पा गाळला गेला आहे. पहिला फास बाहेर काढल्याबरोबर तो सुईवरच्या फासातूनही ओढून घेतला की मुका खांब होत नाही, स्लिप स्टिच होते, आणि ती अगदी चपटी असते. सुईवर दोन फास दिसलेच पाहिजेत, ते बघून मग लोकर घ्या. याच्या उलट, सुई टाक्यात घालायच्या आधीच चुकून लोकर घेतली गेली तर अर्धा खांब, म्हणजे मुक्या खांबाहून उंच असा वेगळा टाका होतो आणि तो टाका इतरांहून वर डोकावतो.

एक बारकावा फारसं कोणी सांगत नाही. लोकर सुईवरून घेतली की टाक्याचा पाया व्हीसारखा दिसतो; सुईने लोकर वरून पकडून खालून ओढली तर तो फुलीसारखा दिसतो आणि टाका थोडा घट्ट होतो. लोकरीच्या बाहुल्या विणणारे मुद्दाम दुसरी रीत वापरतात, आतला कापूस दिसू नये म्हणून. दोन्ही चालतात. मात्र एका ओळीत अशी आणि एका ओळीत तशी झाली तर कापडाची रुंदी थोडी थोडी बदलते, आणि टाके मोजून काहीच सापडत नाही.

झालेल्या कामाचं काय करायचं

सरावाचा तुकडा असेल तर उसवा. त्यात गेलेलं काही नाही, लोकर पुन्हा वापरता येते. पण सगळं उसवू नका. तळापासून एकेक ओळ मोजत वर जा, शेवटची पूर्ण २० टाक्यांची ओळ सापडली की तिथपर्यंतच उसवा. उसवताना काम सपाट ठेवून लोकर सावकाश ओढा, आणि फास हातात आला की लगेच त्यात सेफ्टी पिन अडकवा. पुढची ओळ सुरू करण्याआधी कडेच्या दोन्ही टाक्यांना खुणा लावून घ्या, नाहीतर तीच चूक तिथूनच पुन्हा सुरू होते.

मोठं काम असेल, शंभराच्या वर टाके असतील आणि बऱ्याच ओळींनंतर एकच टाका कमी निघाला असेल, तर मी उसवत नाही. ओळीच्या मध्यावर कुठेतरी एका टाक्यात दोन मुके खांब घालायचे. हे कडेला करायचं नाही, तिथे खाच दिसते. मध्यात ते कोणालाही सापडणार नाही. दोन-तीन टाके कमी असतील तर वेगवेगळ्या ओळींत आणि वेगवेगळ्या ठिकाणी भरून काढा, एकावर एक नकोत. त्याहून जास्त गेले असतील तर मात्र भरपाई दिसते, उसवलेलंच चांगलं.

सगळ्या कडेने मुक्या खांबाची एक ओळ फिरवली की बारीक नागमोड झाकली जाते. त्रिकोण झाकला जात नाही. तेच पाण्यात भिजवून, आकारात ताणून, टाचण्या लावून वाळवण्याचं. सुती आणि खऱ्या लोकरीला त्याने आकार येतो, पण नसलेला टाका त्याने येत नाही. ॲक्रिलिकच्या कामावर गरम इस्त्री ठेवू नका. धागा वितळल्यासारखा लुळा पडतो आणि ते परत ठीक होत नाही.

खांबाकडे वळल्यावर

मुक्या खांबाची कड सरळ यायला लागली की पुढे खांब येतो, म्हणजे अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे, आणि सरळ आलेली कड पुन्हा बिघडते. हात विसरलेला नसतो, नियम बदललेला असतो. इथे वळताना तीन साखळ्या घालतात आणि बहुतेक पॅटर्नमध्ये त्या तीन मिळून पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणून खालचा पहिला टाका सोडून दुसऱ्या टाक्यात विणायला सुरुवात करायची, आणि ओळीच्या शेवटी त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. पायाच्या साखळीतही हाच हिशेब: २० खांबांसाठी २२ साखळ्या, पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत.

मुक्या खांबाच्या सवयीने पहिल्याच टाक्यात खांब घातला तर एक वाढतो. शेवटी वरच्या साखळीत घालायचं राहिलं तर एक कमी होतो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर आकडा जुळतो, आणि तरी कड दातेरी दिसते. त्यामुळे खांब विणताना नुसतं मोजून भागत नाही. वळताना घातलेल्या तिसऱ्या साखळीत खूण लावा, घातल्या घातल्याच, कारण पुढची ओळ विणून परत येईपर्यंत ती साखळी पिळून कडेला लपलेली असते.

या तीन साखळ्या आणि शेजारचा खांब यांच्यामध्ये एक उभी फट राहते, ती बऱ्याच जणांना खटकते. मलाही खटकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे तीनऐवजी दोनच साखळ्या घालायच्या, त्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत, आणि पहिला खांब पहिल्याच टाक्यात घालायचा. शेवटी त्या साखळ्यांकडे बघायचंही नाही. कड थोडी जाड येते पण फट जाते, आणि मुक्या खांबात शिकलेला नियम जसाच्या तसा लागू होतो. पॅटर्नमध्ये साखळ्या टाका म्हणून मोजायला सांगितल्या असतील आणि नक्षी त्यावर बेतलेली असेल तर ही सूट घेऊ नका, कारण मग नक्षी एका टाक्याने सरकते. साध्या मफलरला किंवा पांघरुणाला काही अडत नाही.